प्रसेनजित नावाचं मशीन

३ नोव्हेंबर, सोमवार

नाही म्हणजे नाही. शाळा मी सोडली नाही, मले काढलं. काल मी ऑटोत बसेपर्यंत माय तेच धरून होती, की तूच दप्तर विहिरीत टाकून पळालता, आमी कुठी नाही म्हणत होतो. दप्तर टाकलं हे खरं. पण त्याच्या आधी बाबांनी म्हटलं होतं की दोघायचं शिक्षण होत नाही, एकाचंच होईन, आणि असं म्हणताना ते प्रसेनजितकडे पाहत होते. मी सातवीत होतो, तो पाचवीत. आता तो बी.एस्सी. झाला, आमच्या गावाले, धनजच्या चौकात, त्याच्या फोटोचं फ्लेक्स लागलं, आणि मी पंचवीस वर्षांचा होऊन ‘प्रसेनजितचा मोठा भाऊ’. ऑटो सुटला तरी मायचं संपलं नव्हतं. म्हणून राहिलेलं उत्तर इथं लिहून ठेवतो : मले काढलं.

पण आज मन खुश आहे. इथं येऊन चार घास जास्त गेले. पुणं म्हणतात पण हे पुण्याच्या बाहेर, वाघोलीच्याही पुढं, नुसती गोदामं आणि धूळ. कारंज्याचे रज्जाकचाचा भंगाराचे व्यापारी, त्यांचा पुतण्या इमरानभाई इथं जुने सर्व्हर विकत घेतो, साफ करतो, तपासून परत विकतो. सर्व्हर म्हणजे ऑफिसातला मोठा कॉम्प्युटर, ज्याच्या जोरावर बाकीचे सारे चालतात. दिसायले नुसती आडवी लोखंडी पेटी. इमरानभाई माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठा असेल. म्हणे, वाशीम जिल्ह्याचा माणूस आला की मले अर्धी भाकर जास्त जाते, आपल्या बोलीत शिव्या देता येतात.

गोदामाच्या वर माझी खोली. खिडकी, पंखा, आणि चावी. जन्मात पहिल्यांदा माझ्या एकट्याची चावी. खोलीत कोणाची पुस्तकं नाहीत.

वहीपण त्यानंच दिली. कोणत्या मशीनचं काय केलं ते रोज ज्यानं त्यानं आपल्या हातानं लिहायचं, असा त्याचा नियम. माणूस खोटं बोलत नाही पण विसरते, म्हणे. बाकी काय लिहायचं ते तुझं, मी वाचणार नाही.

५ नोव्हेंबर

काम शिकलो. सर्व्हरमध्ये अजून काही भरलेलं नसते, म्हणून तो चालू असताना कधीही एफ-टू दाबायचं. निळं पान उघडते. त्याले बायोस म्हणतात. मशीनच्या अंगात कारखान्यापासून जे सामान बसवून आलं, ते चालू ठेवायचं की बंद, हे इथून ठरते. गिऱ्हाईक सांगेल तसं आपण लावून द्यायचं.

मले इंग्रजी अक्षरं ओळखता येतात, शब्द लागत नाहीत. म्हणून मी मोजतो. कागदावर रेघा मारून घेतल्या. बसवलेल्या सामानाच्या पानावर बाणाची कळ एक वेळा खाली : पुढचे यूएसबी, म्हणजे पेनड्राइव्ह लावायची भोकं. तीन वेळा : लॅन, याच्यातून मशीन दुसऱ्या मशीनशी बोलते. पाच वेळा : व्हिडिओ, हा बंद तर पडदा काळा. सहा वेळा : वॉचडॉग. दोन आणि चारले हात लावायचं काम पडत नाही. जिथं थांबलो तिथं स्पेस दाबली की चालूचं बंद, बंदचं चालू. मग एस्केप, एन्टर. मशीन अर्धा मिनिट मरते आणि स्वतःच परत जागी होते, तेव्हा नवीन मांडणी लागू.

वॉचडॉगचं मले समजलं नाही तर इमरानभाईनं सांगतलं, की हा आतला चौकीदार. मशीनले सारखा विचारत राहतो, जागी हायेस का? उत्तर आलं नाही की हलवून उठवतो. याले कधी बंद करायचं नाही.

माझं मोजणं पाहून तो हसला. काय रे, सरकी टोबून राह्यला काय, एकेक बी मोजून? पण संध्याकाळपर्यंत माझी अकरा मशीनं झाली, एकही चूक नाही. प्रसेनजितले जमलं असतं का एवढं? त्यानं आधी पुस्तक वाचलं असतं.

८ नोव्हेंबर

इथली एक पद्धत मजेची आहे. मशीनं सारी एकसारखी, अदलाबदल होते, म्हणून प्रत्येकाच्या आत एक नाव टाकायचं. बायोसमध्येच त्याचं वेगळं पान आहे. नाव टाकून एन्टर दाबलं की तिथल्या तिथं बसते, मशीन बंद-चालू करायची गरज नाही. मशीन पाठवताना गिऱ्हाईकाचं नाव, तोपर्यंत काहीही. रिकामं ठेवायचं नाही. इमरानभाईनं आपल्या बायकोचे, उजमाभाभीचे, चारही भाऊ रांगेत उभे केले आहेत. म्हणे, घरी साले माझं ऐकत नाहीत, इथं एका बटणात गप. एक मशीन त्याची आत्या लतीफाफुफू आहे, तिचा पंखा साऱ्यात जास्त ओरडते.

मले म्हणे तुझ्या वाटच्या मशीनले तू दे नाव. मी मोबाइलमधला फ्लेक्सचा फोटो उघडला. त्याच्यावर त्याचं नाव इंग्रजीतपण आहे. एकेक अक्षर पाहून दाबलं. प्रसेनजित. बस आता माझ्यासमोर. आठ-पंधरा दिवस ते मशीन असंच चालू ठेवायचं, दम किती आहे ते पाहायले.

१२ नोव्हेंबर

नगरच्या एका शाळेची ऑर्डर होती. पोरं पेनड्राइव्ह लावून खेळ टाकतात, म्हणून पुढचे यूएसबी बंद पाहिजेत. सकाळी अकराच्या सुमाराले प्रसेनजित मशीनचे बंद केले. खाली एक, स्पेस, एस्केप, एन्टर.

संध्याकाळी मायचा फोन. आज वाशीमले त्याची नोकरीची परीक्षा होती. पेपर अर्ध्यावर आला आणि त्याले चक्कर आली, अर्धा मिनिट डोळे पांढरे. शुद्धीवर आला तर उजव्या हाताची बोटं मिटेनात. पेन धरता येईना. पेपर तसाच देऊन आला. माय रडून राह्यली होती.

वाईट वाटलं. खरं लिहायचं तर आधी बरं वाटलं, मग वाईट वाटलं.

१३ नोव्हेंबर

शाळेनं निरोप बदलला, यूएसबी राहू द्या. चार वाजता परत चालू केले. पाच वाजता मायचा फोन, की चहाच्या वक्ताले याचा हात आपोआप बरा झाला, त्याच्या आधी जराशी चक्कर आली तेवढीच. परीक्षा गेली ती गेली. बाबा म्हणे माझ्या वाघाले नजर लागली.

मले कधी नजर लागली नाही. लागायले कोणी पाहावं लागते.

१६ नोव्हेंबर

आज मशीनचं काही लिहीत नाही. प्रसेनजितचं साक्षगंध ठरलं, इकडं साखरपुडा म्हणतात. तेवीस तारखेले. पोरगी कारंज्याच्या अलीकडच्या गावची, कारंज्याले नर्सिंगचं शिकते, नीलिमा.

दोन वर्षं मी कारंज्याच्या हमालीवर जायचो तेव्हा ती त्याच ऑटोत असायची. डाव्या बाजूले बसायची, पुस्तक मांडीवर पालथं. मी पुढं, ड्रायव्हरच्या बाजूले अर्ध्या सीटवर, आणि डोळे आरशात. ही गोष्ट मी जगात एकाच माणसाले सांगतली होती. त्यालेच.

माय म्हणे पोरीकडूनच स्थळ आलं. म्हणे सुट्टी घेऊन ये, मोठ्या भावाशिवाय बरं दिसत नाही. मी म्हटलं सुट्टी नाही. प्रसेनजितचे सहा फोन येऊन पडले. मी उचलत नाही.

१८ नोव्हेंबर

पाहून घ्यायचं ठरवलं. दुपारी बरोबर बारा वाजता यूएसबी बंद, एक वाजता चालू. मग मायले फोन लावला, जेवणं झाली का म्हणून. मी काहीच विचारलं नाही, तिनंच सांगतलं. बारा वाजता जेवता जेवता भोवळ, हातातला घास खाली पडला. एक वाजेपर्यंत डाव्या हातानं जेवला.

फोन ठेवून मी किती वेळ तरी त्या मशीनकडे पाहत बसलो. समोरचा हिरवा दिवा लागून होता. पंखा हळू. इमरानभाई चार-चार साले बंद-चालू करते आणि कोणाले शिंकही येत नाही. तो हसून टाकते म्हणून असेल. मी नाव टाकलं तेव्हा हसलो नव्हतो.

यूएसबी चालू केले आहेत. मी काही राक्षस नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

गोदामाले सुट्टी, मी एकटा. साक्षगंधाची वेळ साडेअकरा.

लॅन बंद केलं. सव्वाअकराले. खाली तीन, स्पेस, एस्केप, एन्टर. एकाच दिवसासाठी. त्यानं तिच्यासमोर चार शब्द बोलू नयेत, एवढंच पाहिजे होतं. बोलण्यात तो कोणालेही जिंकते.

तीन वाजता माय. पोराची वाचा गेली म्हणे. सारे पाहुणे बसलेले, आणि याच्या तोंडातून आवाज नाही. पोरीचा मामा उठून उभा राह्यला, की आमच्यापासून काही लपवलं का? मी कानाले फोन घट्ट धरला. मोडलं असंच वाटलं. तर माय म्हणे, पोरगी सोन्यासारखी निघाली रे. साऱ्यायसमोर त्याच्या बाजूले जाऊन बसली. म्हणली, तोपर्यंत यांच्या वाटचं मी बोलन. आणि अंगठी घातली.

यांच्या वाटचं मी बोलन.

आता लॅन चालू करणार होतो. नाही केलं.

२५ नोव्हेंबर

कोणीतरी गावातल्या ग्रुपवर फोटो टाकला. ती त्याच्याकडे पाहून राह्यली आणि तो तिच्याकडे. मी ऑटोच्या आरशात दोन वर्षं पाहिलं, एकदाही त्या आरशातून कोणी परत पाहिलं नाही.

इमरानभाई जेवायले गेला होता. मी एफ-टू दाबलं. आज मोजलं नाही. व्हिडिओचा व्ही मले ओळखू येते, डोळ्यानं पाहत त्याच्यावर गेलो. स्पेस. एस्केप. एन्टर.

मशीन मेली, परत जागी झाली. हिरवा दिवा लागला. पडदा आला नाही.

येणारच नव्हता. मीच तर पाच तारखेले लिहून ठेवलं, हा बंद तर पडदा काळा. रागात ध्यानात राह्यलं नाही. आता चालू करायचं तर कुठं पाहून करू?

२६ नोव्हेंबर

त्याले दिसत नाही. कालपासून. उजेड-अंधारसुद्धा नाही. वाशीमच्या डोळ्याच्या डॉक्टरनं बॅटरी मारून पाहिलं, म्हणे डोळे चांगले आहेत.

मी गावाले जातो. इमरानभाईले घरी आजार आहे म्हणून सांगतलं. मशीन बंद करू नका, माझी तपासणी चालू आहे, असंही सांगतलं. त्यानं माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

२९ नोव्हेंबर, धनज

अंगणात उन्हात बाजेवर बसलेला आहे. दाढी वाढली. नीलिमा खाली चटईवर, त्याले परीक्षेचं पुस्तक वाचून दाखवून राह्यली. त्याले परीक्षा देता येणार नाही हे तिले समजत नाही असं नाही. तरी वाचते.

मी फाटकातून आत आलो, चप्पल काढली, तेवढ्यात त्यानं मान वळवली. पावलावरून ओळखलं. हसला. मग पाटी चाचपून घेतली, हात चांगला आहे ना, आणि वाकड्या मोठ्या अक्षरात लिहिलं : दादा?

मी त्याच्या खांद्याले हात लावला.

नीलिमा पाणी घेऊन आली. विचारलं, तुमीच पुण्याचे दादा का, तुमाले पहिल्यांदाच पाहून राह्यली. खोटं नव्हतं तिच्या तोंडावर. दोन वर्षं.

ती आत गेल्यावर तो लिहीत राह्यला, मी पुसत राह्यलो. त्यानं लिहिलं की स्थळ आलं तेव्हा मी आधी तुझ्यासाठी बोललो. ती म्हणली, कोणते दादा? ऑटोत माझ्याशी कधी कोणी बोललंच नाही. मग लिहिलं, सहा फोन केले तुले. तू नाही म्हटलं असतं तर मी केलं नसतं. अजूनपण सांग.

पाटी भरली. मी पुसली नाही, तशीच पालथी ठेवली.

बाबा त्याले घास भरवतात. मायचं तेच, की तू घरी असता तर त्याले लवकर अकोल्याले तरी नेलं असतं. मी उलटून बोललो नाही. तिले नवल वाटलं असेल.

उद्याच्या गाडीनं परत जातो. सारं चालू करतो. आधी व्हिडिओ, मग पडदा आला की लॅन. पाच वेळा खाली. मले पाठ आहे.

२ डिसेंबर

इमरानभाईनं मशीन पाहून ठेवलं. म्हणे, येड्या, व्हिडिओ बंद करून बसलास ना? त्यात काय, आतली बॅटरी काढ, पाच मिनिटं बाहेर ठेव. सारं कोरं होते. कारखान्यातून आलं तसं. नाव-गाव काही राहत नाही.

नाव-गाव काही राहत नाही. म्हणजे तो उठेल, बघेल, बोलेल, आणि मायले विचारेल तुमी कोण.

मी म्हटलं बॅटरी नको, मी न पाहता मोजून चालू करतो. तो म्हणे कर बापा, शिकशील. पण आठ तारखेले नगरचा माणूस टेम्पो घेऊन येणार आहे, हे मशीन त्याच्या ऑर्डरीतलं आहे. तोपर्यंत झालं नाही तर बॅटरी.

३ डिसेंबर

मशीन ऐकून राह्यली की नाही हे काळ्या पडद्यावर कसं समजावं? कीबोर्डवरचा नम-लॉकचा दिवा. दाबला की लागतो, दाबला की विझतो. म्हणजे जागी आहे.

दुपारी दोन. एफ-टू. मनात साठ अंक मोजले, पान उघडायले तेवढा वेळ लागते. सामानाच्या पानावर आलो. खाली एक. दोन. तीन. चार. पाच. प्रत्येक वेळी कळेवर बोट घट्ट. चूक नाही. स्पेस. एस्केप. एन्टर.

मशीन मेली. जागी झाली. पडदा काळा.

काहून?

४ डिसेंबर

काल दोन वाजता चक्कर आली. तेव्हापासून उठलाच नाही. श्वास आहे. हलवतात, पाणी मारतात, सुई टोचली. वाशीमच्या दवाखान्यात आहे. दरवेळी अर्ध्या मिनिटात उठते रे, या वेळी काहून नाही — माय मलेच विचारत होती. मलेच.

५ डिसेंबर

समजलं.

काल आलेलं बिननावाचं मशीन घेतलं, तसंच, त्याच कंपनीचं. त्याच्यावर लॅन बंद केलं आणि पान पाहत राह्यलो. चौथी ओळ गेली. लॅनच्याच पोटातली ओळ ती, लॅन बंद तर तिचं काम नाही, म्हणून पानावरून निघून जाते. खालच्या साऱ्या ओळी एकेक वर सरकतात.

पाच म्हणजे व्हिडिओ नाही. लॅन बंद असलं की पाच म्हणजे वॉचडॉग.

मशीन आपोआप उठली, पण त्याले उठवणार कोण, मी त्याचा चौकीदार बंद केला. माझ्या हातानं, मोजून. वाचता येणाऱ्यानं असं केलं नसतं. मोजणारानं केलं.

इमरानभाईले सारं सांगतलं. नावापासून. त्यानं माझ्या कपाळाले हात लावून पाहिला. म्हणे, यार संघदीप, भावाचं दुःख आहे, मी समजतो, तू झोप. आपणच लिंबू सरबत करून आणलं. मशीनचं एक अक्षर बोलला नाही.

६ डिसेंबर

आता खरे आकडे माहीत आहेत. चार म्हणजे व्हिडिओ, पाच म्हणजे वॉचडॉग. पण लागू करायले मशीन एकदा मेली पाहिजे. अर्धा मिनिट. आणि चौकीदार नाही. परत उठवणार कोण? आता श्वास तरी आहे — तोही

बाबा दरवर्षी आजच्या दिवशी दादरले जातात. माझ्या जन्माच्या वर्षीही गेलते. या वर्षी नाही गेले. दवाखान्यात त्याच्या पायाजवळ बसून आहेत. माय म्हणे बाबा तुझं नाव घेऊन राह्यले, मोठ्याले बोलवा म्हणतात.

मले बोलवा म्हणतात.

७ डिसेंबर, दुपार

नाव. नाव बदलायले मशीन मरावी लागत नाही. टाकलं की तिथल्या तिथं.

कोरं ठेवलं तर? मग प्रसेनजित कुठं राहील — माहीत नाही. कोरं नको.

दुसऱ्या कोणाचं? रांगेतून कोणी. ओळखीचं, बिनओळखीचं. तोही कोणाचा तरी प्रसेनजित.

नावाच्या पानावर ओळी सरकत नाहीत, नवीन मशीनवर तीनदा पाहून घेतलं. जुनं नाव पुसायले पंधरा वेळा बॅकस्पेस. माझं नाव इंग्रजीत आधार कार्डावर आहे. आजपर्यंत ते मी कुठं लिहिलं नाही. समोर धरून एकेक अक्षर —

शाळेनंतर त्याच्यासाठी सोडलेली ही दुसरी गोष्ट. ही तरी मी सोडली असं लिहितो. कोणी काढली नाही.

एन्टर दाबायचं राह्यलं आहे.

७ डिसेंबर, नंतर

दाबलं. डोळ्यापुढचं दिसणं पडद्यासारखं गेलं — आधी कडा, मग मधला भाग. दुखलं नाही.

ओळ वाकडी जात असेल. डाव्या बोटानं कडा धरून लिहितो.

ओरडायचं होतं. आवाज नाही. इमरानभाई धावत आला, पडताना स्टूल वाजला म्हणून. मी हातात वही घेऊन लिहिलं, घरी फोन लाव.

फोन स्पीकरवर लावला. माय रडते की हसते समजेना. उठला! उठला रे! डोळे उघडले, बाबांकडे पाहिलं, चहा मागतला! नीलिमा मागून काहीतरी बोलत होती, आणि तो — त्याचा आवाज. दादाले सांगा म्हणत होता.

माय म्हणे बोल ना. बोल ना संघदीप. इमरानभाई म्हणे त्याचा घसा बसला, चाची. मग माय म्हणे, भाऊ मरणाच्या दारातून आला आणि याच्या तोंडून शब्द फुटत नाही. पोटात जळते याच्या. लहानपणापासून जळते.

फोन कटला.

ती खरं बोलली.

८ डिसेंबर असेल

झोपलो नाही. झोपलो तर उठवायले कोणी नाही. मिठाचं पाणी, बोटाले टाचणी. सकाळ झाली हे अंगावरच्या उन्हावरून —

मशीनवर कागद चिकटवायले लावला, हात लावू नका. इमरानभाई हो म्हणला. त्याच्या हो म्हणण्यात तापातल्या पोराले म्हणतात तसं हो होतं. डॉक्टर येणार आहे दहाले.

टेम्पो आला. नगरचा माणूस खाली. मोठ्यानं विचारते, हे काळा पडदावालं कोणतं. इमरानभाई म्हणे पाच मिनिटं थांबा, बॅटरी काढून देतो.

जिना बारा पायऱ्या. उतरता येईन मोजून. उतरलो तर काय, त्याचा हात किती दिवस धरू. मशीन जिथं जाईल तिथं कोणीतरी बॅटरी —

आधी हे. इमरानभाई, ही वही वाच आता. मी परवानगी देतो. माझा महिन्याचा पगार आणि मोबाइल विकून येईल ते, धनजले पाठवजा. मायच्या नाही, प्रसेनजितच्या हाती. प्रसेनजित, दवाखान्याचं भागव, उरलं तर नीलिमाले काही घे. कोणी दिलं ते सांगू नको.

नाही, सांग. एकदा नाव सांग तिले.

स्क्रू निघून राह्यला. ऐकू येते. एक. दोन.

पगार आणि मोबाइल धरून, पाठवतो ते रुपये एकोणीस हजार सातशे. पाठवणाराचं नाव —